चेहऱ्याची जागा

४ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
बापूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दाजींच्या डोळ्यांना आता कितपत दिसतं ते सविस्तर कळव. मागच्या पत्रात तू नुसतं ‘बरं आहे’ लिहिलंस, आणि तुझं ‘बरं आहे’ मी लहानपणापासून ओळखतो.

शाळेच्या हॉलचं छत उतरलं, तेव्हा यंदा मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन नाही असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं. पोरांची तोंडं एवढीएवढीशी झाली. म्हणून आठवडाभर मी गावात भिंती मागत फिरलो. दवाखाना, पोस्ट, वाचनालय, भाजी मंडई, न्हाव्याचं दुकान, बसस्टँड. पोस्टमास्तरांनी सूर्यास्त मागून घेतला, कारण भिंतीवरची ओल नेमकी तेवढीच आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरने कुत्र्याचं चित्र परत केलं. पेशंटला उगाच सुया आठवतात म्हणाला. न्हावी म्हणतो, गिऱ्हाइकाच्या समोरच लावा, म्हणजे मान हलवणार नाही.

आता मनातलं लिहितो. तू मशीनवर शिवत बसली आहेस असं चित्र तुझ्या गुंड्याने काढलं होतं, ते तुझ्या ट्रंकेत असेल. ते मला पाठव. तो घरातून गेला त्याला जूनमध्ये चार वर्षं होतील. तुमच्या शेजारच्या ड्रायव्हरने त्याला आमच्या बाजूच्या गाडीत दोनदा पाहिलं, हे तूच कळवलं होतंस. आमच्या स्टँडवर प्रत्येक गाडी दहा मिनिटं थांबते. तीन वर्षं तो माझ्याकडे राहून याच शाळेत शिकला, तेव्हा त्याचं चित्र लावायला मला कुणाची परवानगी नको. स्वतःच्या हातचं काम माणूस ओळखल्याशिवाय राहत नाही. खाली माझा पत्ता लिहीन, आणि आई वाट पाहते एवढंच. देवावर भार टाकून करून पाहू.

दाजींना नमस्कार. आहे तशीच माया असू दे.
बापू


१३ जानेवारी

चि. बापूस,
ताईचे अ. आ.

चित्र पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वरून कापड शिवलंय. टाके उसवून काढ, कात्री चालवू नकोस. तुझा हात मला ठाऊक आहे. माझ्या नव्या रिबिनीची तू पतंगाला शेपटी केली होतीस.

यांना सांगायचं नव्हतं. चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय, हे यांनीच त्याला त्या दिवशी जेवताना ऐकवलं होतं, आणि तो अर्ध्या ताटावरून उठला तो उठलाच. पण मी पुडकं करायला बसले तर हे दारात येऊन उभे राहिले. हल्ली फारसं दिसत नाही, तरी काय चाललंय ते यांना कळतं. आत जाऊन चाचपडत सुतळी शोधून आणली. गाठही यांनीच मारली. सोडवताना तुला जड जाईल.

बापू, मी मन आवरून धरलं होतं रे. आता तू पुन्हा आस लावलीस. दुपारी मशीन थांबवून बसते आणि कोणती गाडी आता तुमच्याकडे पोचली असेल याचा हिशेब करते. लोक कपडे मागायला येतात, त्यांना उद्या या सांगते.

तब्येतीला जप. पत्राला उशीर करू नकोस.
तुझी ताई


२७ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चित्र सुखरूप मिळालं. गाठीला दात लावावे लागले, हे दाजींना जरूर सांग.

काय सुरेख काढलंय गं त्याने! मशीनचं चाक, तुझी वाकलेली पाठ, मांडीवरून ओघळलेलं कापड. फक्त चेहरा तेवढा कोरा. डोळे नाहीत, नाक नाही. हे त्याचं जुनंच. माझ्या वर्गातही काहीतरी सोडून द्यायचा आणि मी मार्क कापायचो. पण बिनचेहऱ्याची बाई स्टँडवर लावायची कशी? आपले गावच्या शाळेतले मास्तर आठवतात ना, पाटीचा कोपरा कोरा दिसला की छडी द्यायचे. मी दोन रविवार बसून तुझा चेहरा भरला. रंग असा जुळवलाय की त्याचा हात कुठे थांबला आणि माझा कुठे लागला ते कळू नये. थोडी हसरी काढली आहे. आता चित्र पुरं झालं.

तिकीटखिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावलंय. तिकीटबाबू म्हणाला, मास्तर, बहीण तुमच्यापेक्षा बरी दिसते. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला शिक्षणखात्याचे साहेब गावभरची चित्रं पाहायला येणार आहेत. त्यामुळे ही कल्पना मुळात हेडमास्तरांची होती, असं मला हेडमास्तरांकडूनच कळलं.

कळावे. माया कमी करू नकोस.
बापू


५ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावले नाही. तुला मी सांगितलंच नव्हतं, तेव्हा चूक माझीही.

ती जागा राहून गेलेली नव्हती. तो चित्र काढत होता तेव्हा मी कुणाच्या तरी कपड्यांच्या घाईत होते. आई, जरा वर बघ, असं तो तीनचारदा म्हणाला. एवढी शिवण होऊ दे, असं मीही तीनचारदा म्हटलं. मग म्हणाला, राहू दे, तू बघशील तेव्हा काढीन. रागाने नाही, हसत म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात तो गेला.

मी रोज ट्रंक उघडून त्या कोऱ्या जागेकडेच बघत होते. तेवढं काम तरी त्याचं इथे बाकी आहे, असं वाटायचं.

तू काढलेला चेहरा पुसून टाक. पत्र मिळेल त्या दिवशी पुसून टाक. त्याच्या नजरेला पडायच्या आत.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र मला नऊ तारखेला मिळालं. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण साहेब वीसला येणार, स्टँडवरचं तेच चित्र सगळ्यांत चांगलं, आणि मधोमध पुसल्याचा डाग दिसला तर काय म्हणतील, असं मनात आलं. अकरा दिवसांनी काय बिघडतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. हे देवापुढे बसून कबूल केलं. आता तुझ्यापुढे करतो.

सतरा तारखेला दुपारी एक माणूस त्या चित्रासमोर उभा राहिला. त्याची गाडी सुटली तरी उभाच होता. मग पुढे होऊन तुझ्या गालावरचा रंग नखाने खरवडून पाहू लागला. तिकीटबाबू आतून ओरडला, अहो, हात लावू नका, मास्तरांचं आहे ते. तेव्हा त्याने विचारलं, हे तोंड कुणी काढलं. याने कौतुकाने सांगितलं, मास्तरांनीच, त्यांची बहीण आहे. वाटलंच, एवढं म्हणाला म्हणे. शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं आणि पुढच्या गाडीने गेला. खालच्या दोन ओळी त्याने वाचल्या की नाही, कुणास ठाऊक. आणि वाचून गेला असेल तर मला काही बोलायलाच नको.

मला हे वीस तारखेला कळलं. तिकीटबाबूला वाटत होतं, आपण गंमत सांगतोय. साहेब स्टँडवर उतरलेच नाहीत. ऊन फार होतं, मोटारीतूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर जाऊन आलो. तिथून पाच दिशांना गाड्या फुटतात. हमालांना विचारलं, हॉटेलवाल्याला विचारलं, दिवसभर उभा राहिलो आणि परत आलो. मग चित्र घरी आणून चेहरा ओल्या कापडाने पुसायला गेलो, तर कागदच सोलून निघाला. आता तिथे भोक आहे.

तो दुसराच कुणी असेल, असंही म्हणून पाहिलं. जमलं नाही.

अपराधी,
बापू


१ मार्च

चि. बापूस,
आशीर्वाद.

चित्र परत पाठवू नकोस.

यांनी विचारलं, चित्र लागलं का. लागलं, म्हटलं. कुणी पाहिलं का, विचारलं. पुष्कळ लोक पाहतात, म्हटलं. मग बरं, म्हणाले आणि कुशीवर वळले.

तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात चित्र आहे, साहेब आहेत, तू आहेस. तो कुठे आहे? तो वाळला होता का, हे तू त्या तिकीटबाबूला विचारलंस का? पायात काही होतं का? खोकत नव्हता ना? लहानपणी त्याची छाती लगेच भरायची, ते तुझ्या घरीही तू पाहिलंयस.

तेवढं विचारून कळव. माफीचं काही लिहू नकोस, ते मला वाचवत नाही.

ताई


८ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

विचारलं. आधी विचारलं नव्हतं.

पायांकडे तिकीटबाबूचं लक्ष गेलं नाही. चेहराही त्याने नीट पाहिला नाही. चित्रासमोर उभा होता तेव्हा पाठ दिसत होती, आणि खिडकी एवढी लहान की आत नुसता हात येतो. मी दोन दिवस त्याच्यामागे लागलो. शेवटी वैतागून, डोळे मिटून त्याने जे आठवून सांगितलं तेवढंच लिहितो. खोकला नव्हता. आवाज शांत होता. हात चुन्याने खाल्लेला, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाचा असतो तसा. बोटांना रंग नव्हता. बाहीचं बटण होतं, पण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं, आणि धड लावलेलंही नव्हतं. त्याचं त्यानेच लावलं असावं.

याच्या आधी मी एक पत्र लिहिलं होतं. त्यात तो तब्येतीने चांगला होता, पायात बूट होते, आणि हसून बोलला होता. वाचून पाहिलं, तर ते सगळं मीच भरलेलं. फाडून टाकलं.

मनगटाचं हाड वर आलं होतं, ताई. वाळला होता.

माया असू दे असं शेवटी लिहायचो, आज हात धजत नाही. दाजींना काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
बापू