नेत्राचा नमस्कार

पिस्कॅटवे, मे २००६

मिस मोरीन,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच बिनधास्त लिहितेय. आमची नेत्रा आयरिश डान्सच्या तिसऱ्या ग्रेडची परीक्षा पास झाली. माझ्याकडे कथक शिकायची तेव्हा तिच्या हातांसाठी मी जिवाचं रान केलं. तुम्ही तेच हात अंगाला चिकटवून तिला नाचायला लावता, आणि ती खुशाल नाचते!

आज तुम्ही निकाल सांगितलात, तशी ती वाकून तुमच्या पाया पडली. तुम्ही दचकून मागे सरलात. "इट्स फॉर माय टीचर," ती म्हणाली.

तो नमस्कार मी शिकवलाय, बाई. माझ्या क्लासमध्ये मात्र तो दरवेळी डोळे वटारून करून घ्यावा लागायचा.

तिची नुसतीच आई,
शोभना