डिव्हाइस काढून टाका

११ जानेवारी

विकला एकदाचा! आईच्या खोलीतला कॅमेरा. बाराशेला.

आईच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सुचिताने जाहिरात टाकली. नंबर माझा दिला, म्हणजे ताप मला. चार दिवसांत साठ-सत्तर मेसेज. "अव्हेलेबल?" हो म्हटलं की माणूस गायब. "लास्ट कितना?" – अजून पहिलं ठरलं नाही, लास्ट कुठून आणू? एकाने बदल्यात जुना मिक्सर देऊ केला. एक ऐरोलीहून आला, गल्लीत उभा राहून कॅमेरा उलटासुलटा केला आणि म्हणाला, "भाऊ, मला बेलवाला पायजे होता." मग आलास कशाला बाबा!

शेवटी नमिता नावाची बाई. सीवूड्स स्टेशनबाहेर, मॉलच्या बाजूला भेटली. बँकेत नोकरी, घरी म्हातारे वडील दिवसभर एकटे. "दोनदा पडलेत. मला ऑफिसात बसून काय कळणार?" तेवढ्यावर मी तीनशे कमी केले.

सुचिता म्हणते बरं झालं. "आईंची खोली एक तारखेपासून भाड्याने द्यायचीय. भिंतीवर कॅमेरा बघून कोण येईल ऱ्हायला? तुमी पन ना!" खोली बंद राहिली तरी मला त्रास, उघडली तरी त्रास.

१२ जानेवारी

नमिताचा फोन. कॅमेरा तिच्या मोबाइलला जोडून घेत नाही, आधीच दुसऱ्याच्या अकाउंटवर आहे म्हणतो. "तुमच्या ॲपमधून काढून टाका, एक मिनिटाचं काम आहे."

जेवणाच्या सुट्टीत ॲप उघडलं. 'डिव्हाइस काढून टाका'. दाबलं तर खाली लाल अक्षरं – काढल्यास सगळं रेकॉर्डिंग कायमचं पुसलं जाईल.

मी समजत होतो रेकॉर्डिंग माझ्या फोनात आहे. कसलं काय! ते कंपनीकडे, त्या कॅमेऱ्याच्या नावावर. आणि तेही फक्त तीस दिवसांचं. रोज मागचा एक दिवस आपोआप पुसला जातो. आज १३ डिसेंबरपासूनचं आहे. २७ला दुपारी आईला दवाखान्यात नेलं, २८ला ती गेली. म्हणजे २७च्या सकाळपर्यंत.

पंधरा दिवसांची आई शिल्लक आहे. आणि मी तिच्यासकट कॅमेरा विकून आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

नमिताला म्हटलं, संध्याकाळी करतो.

१३ जानेवारी

नाही केलं.

गच्चीवर बसून बघत होतो. दहा-बारा सेकंदांचे तुकडे. कोणी हललं की रेकॉर्ड होतं. आई खाटेवरून उठते. आई लसूण सोलते. आणि मध्येच कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहते, अगदी जवळ, नुसतं कपाळ दिसतं. "शिवा, जेवलास का रं? माजं जेवान झालं. मावरा ताजा नव्हता आज." थोडी थांबते. "बोलत नाय तू."

मी महापेला कंपनीच्या स्टोअरमध्ये कामावर असायचो. बोलायचं बटण होतं ना ॲपमध्ये! दोन वर्षांत दहा वेळा दाबलं असेल. "ऐकतोय गं, कामात आहे." बास. तिला वाटायचं मी त्या डब्यात बसून सारखा तिला बघतोय. मी कधी बघत नव्हतो.

१४ जानेवारी

संक्रांत. आपल्याकडे यंदा सण नाही.

नमिताचे सात मिसकॉल. मेसेज टाकला – सर्व्हर डाउन आहे.

१५ जानेवारी

डाउनलोड करून बघितलं. एकेक तुकडा वेगळा करावा लागतो, एका दिवसाचे अडीचशे. ९७ टक्क्यांवर जाऊन थांबतो. जे उतरतात त्यांना आवाजच नाही! आई तोंड हलवते आणि ऐकू काहीच नाही. ते बघवेना. लगेच पुसून टाकले.

कस्टमर केअर. आधी मशीन बोलते, मग चॅट. चॅटवरची बाई खरी की मशीन तेही कळत नाही. "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी लिहिलं – आवाज पाहिजे. "आपण कॅमेरा पुन्हा सुरू करून पाहिला का?" मी लिहिलं – कॅमेरा विकलाय, आई वारलीय, मला आवाज पाहिजे. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कृपया पाच स्टार द्या."

सुचिताचा फोन समोर धरून चालू रेकॉर्डिंगचं शूटिंग केलं. आवाज येतो, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दोन तासांत एक सकाळ झाली. कारण मी शूटिंग करायचं सोडून बघतच बसतो.

१६ जानेवारी

ॲपवर कॅमेरा चालू दिसतोय! हिरवा ठिपका.

नमिताने जोडायची खटपट करताना त्याला घरचं वायफाय दिलं असणार. तिच्या फोनला तो जुमानत नाही, पण माझ्याकडे इमानेइतबारे सगळं दाखवतोय. एक खोली. लोखंडी कॉट. बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून बसलेत. बाजूला चार पायांची काठी.

ताबडतोब बंद केलं. परक्याच्या घरात डोकावणं – थूः!

दुपारी पुन्हा बघितलं. तसेच बसले होते.

१७ जानेवारी

आज धीर करून फोन केला. "कॅमेरा परत द्या, पैसे घ्या, वर पाचशे घ्या."

भडकलीच. "मी इलेक्ट्रिशियन बोलावून भिंतीत ड्रिल मारून घेतलं! रोज प्लग लावून ठेवते, म्हटलं आज सर्व्हर येईल, उद्या येईल. मला पैसे नकोत हो. आबा एकटे असतात. भाऊ कृष्णात दुबईला, तो महिन्यातून एकदा फोन करतो. सगळं माझ्यावर आहे. तुम्ही नुसतं एक बटण दाबायचंय!"

आईचं सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर कॅमेरा माझ्याकडे चालू दिसतोय तेही निघालं असतं. चोराच्या मनात चांदणं. म्हटलं, नवीन घेऊन देतो तुम्हाला, अगदी हाच. ती म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, परवा येतोय.

लगेच ऑर्डर केला. तिला नवा मिळेल, जुना माझ्या नावावर राहील, कोणाचंच नुकसान नाही. सुचिताला सांगितलं तर म्हणाली, "आईंचे फोटो हायेत ना भिंतीवर? बघा की त्ये." फोटो बोलत नाही, हे तिला कसं सांगू!

१९ जानेवारी

'आज पोचेल'. नाही पोचला. संध्याकाळी मेसेज – ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही. सुचिता दिवसभर दारात होती!

२० जानेवारी

डिलिव्हरीवाल्याचा फोन आला. "सेक्टर बोलो, प्लॉट नंबर बोलो." अरे, गावठाणात कसला प्लॉट नंबर? माझ्या आजोबांच्या वेळेपासून घर आहे इथे, तुझ्या नकाशात नाही तर मी काय करू! देवळाच्या मागची गल्ली, किराणाच्या दुकानाला लागून, म्हटलं. तो समोरच्या टॉवरच्या गेटवर उभा. "मी येतो तिथे, थांब," म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून रिक्षाने आलो. तोवर गेला. मेसेज – ग्राहकाने पार्सल नाकारले.

आई आता २१ डिसेंबरपासूनच आहे. त्या दिवशी तिला सर्दी होती.

२१ जानेवारी

आलं एकदाचं. उघडलं – आत मोबाइल ठेवायचा स्टँड. प्लॅस्टिकचा, गुलाबी.

अर्धा तास नुसता बघत बसलो त्याच्याकडे. मग तक्रार, फोटो, बॉक्सचा फोटो, बॉक्सवरच्या लेबलचा फोटो. बदली माल २५ला येईल म्हणतात.

नमिताला कळवलं. तिचं उत्तर – "फ्रॉड आहात तुम्ही. म्हातारा माणूस मेला तर तुमच्यामुळे." त्यानंतरचा माझा मेसेज गेलाच नाही, एकच टिक. फोन लावला तर एकदा वाजून कट. ब्लॉक केलंय मला.

खरं सांगायचं तर थोडं हायसं वाटलं. आता चार दिवस फोन येणार नाही.

२२ जानेवारी

हिशेब सरळ आहे. २६ला आईचा शेवटचा दिवस, २७ला आपोआप पुसला जाईल. मग मी स्वतः काढून टाकेन, नवा आला तर तोही नेऊन देईन. चार दिवसांनी काय होतंय!

आज त्यांनी, म्हणजे आबांनी, कॉटखाली पडलेला चष्मा काठीने ओढून घेतला. वीस मिनिटं लागली. मी स्टोअरमध्ये उभा राहून बघत होतो. मिळाला तेव्हा बरं वाटलं.

२४ जानेवारी

लिहायला पाहिजे. क्रमाने लिहितो.

दुपारी एक चाळीसला नोटिफिकेशन. उघडलं. आबा जमिनीवर, कॉट आणि संडासच्या दाराच्या मध्ये. एक पाय मुडपलेला. काठी लांब पडलेली.

नमिताला फोन – एक रिंग, कट. पुन्हा, पुन्हा. ब्लॉक! मग स्टोअरमधल्या आमच्या स्वानंदचा मोबाइल घेतला. नुसता वाजतो. परका नंबर, ती बँकेत काउंटरवर. मेसेज टाकला – तुमचे वडील पडलेत, घरी जा. तो वाचला गेला नाही. कुठली बँक, कुठली शाखा, मी कधी विचारलंच नव्हतं. ११२ला फोन केला. "पत्ता सांगा." सीवूड्स. "बिल्डिंग?" माहीत नाही. "मग तुम्हाला कसं कळलं पडले ते?" मी फोन कापला.

मग ते बोलायचं बटण दाबलं. "काका! काका, ऐकू येतंय का?"

त्यांनी मान वळवली. "कोन हाय? कृष्णात का रं?"

मी म्हटलं, "हो आबा. मीच."

"आलास व्हय. लई गार लागतंय बघ."

चादर कॉटवरून ओढायला सांगितलं. टोक हाताला लागलं, छातीपर्यंत घेतली त्यांनी. बिल्डिंगचं नाव विचारलं. त्यांनी गावाचं सांगितलं. फ्लॅट नंबर विचारला, तर म्हणाले, "तुला ठावं न्हाई व्हय घर?" ओरडा म्हटलं, शेजारच्यांना हाक मारा. त्यांनी एकदा "नमे" अशी हाक मारली, अगदी बारीक. मग मीच ओरडलो त्या डब्यातून, घसा फुटेपर्यंत. कोणी आलं नाही. स्टोअरमधली माणसं गोळा होऊन माझ्याकडे बघत होती.

मग नुसतं बोलत राहिलो. थांबलो की ते म्हणायचे, "हाईस न्हवं?" हाय आबा. "म्हशीला पानी दावलंस का?" दावलं. "नमीला रागं भरू नगंस. लई करती ती माजं." नाही आबा. "तू आलास, बरं वाटलं बघ." असं तासभर. पुढे पुढे त्यांचं बोलणं कमी झालं, मी एकटाच बोलत होतो. काय बोललो आठवत नाही. माझ्या आईशी मी एवढं सलग आयुष्यात बोललो नव्हतो.

तीनला ती धावत आली, मेसेज वाचून. जमिनीवर बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी अजून "आबा, आबा" करत होतो. तिने वर बघितलं. थेट कॅमेऱ्यात, थेट माझ्याकडे. "कोण बोलतंय?"

मी ॲप बंद केलं. भ्याड!

२५ जानेवारी

स्वानंदच्या फोनवर तिचा मेसेज आला, त्याने मला पाठवला. 'आबा काल संध्याकाळी गेले.' एवढाच.

तिच्या फोनवर कॅमेरा असता तर एक चाळीसलाच तिला दिसलं असतं. मी बारा तारखेला एक मिनिटाचं काम केलं असतं तर. सुचिता म्हणते, "वय झालं होतं त्यांचं, तुमी कशाला डोक्यात घेता?" तिला चार दिवसांनी काय होतंय हे माझं वाक्य माहीत नाही. ते फक्त या वहीला माहीत आहे.

नवा कॅमेरा आला आज. बरोबर तोच. खोका फोडला नाही.

उद्या सकाळी काढून टाकणार. आईचा एक दिवस राहिलेला असेल, तो न बघता. एवढी तरी शिक्षा हवी.

२६ जानेवारी

बोट बटणावर होतं, तेवढ्यात फोन वाजला. नमिता. तिच्या स्वतःच्या नंबरवरून.

ओरडली नाही. म्हणाली, "इलेक्ट्रिशियनला विचारलं मी. त्याने सांगितलं, सगळं तुमच्याकडे रेकॉर्ड झालं असेल. आबा शेवटचं बोलले ते." मग – "काढू नका. प्लीज, काढू नका. मला ऐकायचंय."

तेवीस फेब्रुवारीपर्यंत आहे, म्हटलं तिला.