साहेबाचं ‘सर्टनली’

मार्गशीर्ष वद्य ४, शके १७३९

गारपिराच्या छावणीत दुभाष्याची चाकरी धरली. श्रीमंत पळाले, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण — आणि मी साहेबाच्या खुर्चीमागे उभा! धाकटी बहीण मथुरा माझ्याकडेच आहे, पण माझ्याशी बोलत नाही. तिचे यजमान श्रीधरपंत श्रीमंतांकडून लढले. सिंहगडाच्या रानात लपून आहेत. सापडले तर संपलंच.

वद्य ६

साहेबाच्या बोलण्यात अर्थ थोडा, फोडणी फार. ‘व्हेरी’ तर सगळ्यावर — चहा व्हेरी गुड, ऊन व्हेरी हॉट, मराठे व्हेरी ब्रेव्ह! ‘इंडीड’ म्हणजे ऐकलं, पुढे बोल. ‘रिअली’ म्हणजे थापा मारू नकोस. मुंबईत दोन वर्षं इंग्रजांच्या पेढीवर घासली, तेव्हा कुठे एवढं कळलं. ‘सर्टनली’चा मात्र थांग लागत नाही. आपल्याकडे जिवाच्या गोष्टीला नुसतं ‘नक्की’ कोण ऐकून घेतो? बेलाचं पान नि भंडारा हातात घेऊन शपथ वाहावी लागते.

वद्य ८

मथुरा बोलली एकदाची. “दादा, साहेबाला विचार ना. शरण आले तर जीव वाचेल का?”

विचारलं. साहेब दाढी करत होता. “सर्टनली,” म्हणाला. आरशात बघूनच.

वद्य ९

श्रीधरपंतांसाठी अभयाचा कौल लिहायला बसलो. ‘नक्की’ लिहिलं. खोडलं. ‘खचित’ लिहिलं. छे! एवढ्यावर ते रानाबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. शेवटी लिहिलं — साहेबांनी बेलभंडार उचलून अभय दिलं आहे. घडीत बेलाचं पान ठेवलं, चिमूटभर हळद टाकली. साहेबानं खाली सही ठोकली. त्याला मोडी कुठे वाचता येते! मी तरी काय वाईट केलं? त्याचा शब्द आपल्या माणसाला पटेल असा केला, इतकंच.

वद्य १३

श्रीधरपंत आले! मथुरेनं ओवाळलं. पोटभर जेवले. मग मीच त्यांना छावणीत पोचवून आलो.

पौष शुद्ध ३

फाशी. परवा. वरच्या साहेबाचा हुकूम म्हणे.

म्हटलं, आपण सर्टनली म्हणाला होतात. “असं म्हणालो मी? इंडीड!” पाय धरले मेल्याचे. “व्हेरी सॉरी,” म्हणाला, आणि चहा मागवला. मथुरेला अजून सांगितलेलं नाही. सांगू कसं? जीभ झडेल माझी.

शुद्ध ४

श्रीधरपंतांना भेटू दिलं. सगळं कबूल केलं — साहेबानं बेलभंडार उचललाच नव्हता, ते मी घातलं पदरचं. ओक्साबोक्शी रडलो.

“ठाऊक होतं, दादा,” ते म्हणाले. “इंग्रज कशाला बेल उचलतोय! अक्षर तुमचं होतं. शपथ तुमचीच धरली, म्हणून तर आलो.”