निळसर डब्या

वडगाव रासाई,
दि. ९ मार्च १९७५

ती. ताईस चांगुणाचा शि. सा. जयभीम. वि. वि.

तुझं चार ओळींचं कार्ड मिळालं. आईनं विचारलं, एवढंच का? मी म्हटलं, दौंडला शाई महागली असेल.

माझं लग्न ११ मेला ठरलं. मांडव इथंच, विहारासमोर. तळेगाव ढमढेऱ्याची माणसं बरी वाटली. सासूबाई सोजराबाई म्हणाल्या, भांडीकुंडी नकोत, पण रुखवतात हातचं काहीतरी असू द्या, आणि आमच्या बायका परत निघताना त्यांच्या हातावर काहीतरी पडू द्या. मला लगेच तुझी डबी आठवली. एक्स-रेच्या फिल्मची, लाल लोकरीनं गुंफलेली, तू आकडे-पिना ठेवतेस ती. तशा डब्या करून त्यात बडीशेप नि खडीसाखर घालावी असं मनात आहे. फिल्म मिळतील का? आणि कशा करायच्या तेही लिही.

आई म्हणते, मांडवात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आबांचा फोटो हवा. घरात त्यांचा एकही नाही. तुझ्याकडे असला तर पाठव.

आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलीस ती जेवणं व्हायच्या आत परतलीस. त्यानंतर फिरकली नाहीस. लग्नाला येणार की नाही एवढं स्पष्ट लिही. तू नसलीस तर माझ्या शेजारी साखरआत्या उभी राहील, आणि ती उभ्या उभ्या पेंगते.

धाकटीवर राग नसावा, माया असावी.
तुझी,
चांगुणा

*

दौंड,
दि. १६ मार्च १९७५

चि. चांगूस मुक्ताचे अ. उ. आ. जयभीम. वि. वि.

डॉक्टरांना विचारून दवाखान्यातल्या बाद झालेल्या फिल्म घेतल्या. बन्सीमामा सोमवारी बाजाराला येतील, त्यांच्याबरोबर देते.

कृती अशी. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून फिल्म त्यात भिजत ठेवायच्या. वरचा काळा थर मऊ झाला की फडक्यानं पुसून काढायचा. काथ्यानं घासू नये, चरे पडतात. खाली निळसर, पारदर्शक पत्रा उरतो. तो सावलीत वाळवायचा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापावा आणि त्यावरून फिल्म कापावी. झाकण तळापेक्षा दोन मिलिमीटर मोठं हवं, नाहीतर बसत नाही. कडेला दाभणानं सारख्या अंतरावर भोकं पाडून लोकरीनं गुंफावं.

आबांचा फोटो माझ्याकडे नाही. त्यांच्या छातीची फिल्म आहे, तीही याच गठ्ठ्यात घातली. ती दवाखान्यातून मला परत मिळाली होती. वेगळी बांधलेली नाही. कोणती ते शोधत बसू नका. सोड्यातून निघाल्या की सगळ्या सारख्याच होतात.

मेमध्ये माझ्या जोडीचे टेक्निशियन रजेवर आहेत. माझ्या येण्याचं नक्की सांगता येत नाही.

आईची प्रकृती कळवावी. तिला नमस्कार.
मुक्ता

*

वडगाव रासाई,
दि. ३० मार्च १९७५

ती. ताईस शि. सा. जयभीम. वि. वि.

मामांनी गठ्ठा आणला. पत्र आईला वाचून दाखवलं, तर सोड्याचं पातेलं तिनं चुलीवरून उतरवून ठेवलं.

मग गठ्ठा सोडून ती दारात बसली आणि एकेक फिल्म उन्हात धरून बघायला लागली. मी म्हटलं, आई, यात नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. तिनं पायांच्या, हातांच्या बाजूला काढल्या. छातीच्या चार-पाच राहिल्या, त्यातून एक उचलून मांडीवर ठेवली. म्हणाली, ही. खाणीवर दगड लागून त्यांची डावी बरगडी मोडली होती ना, ती वाकडीच जुळली, ती त्यात दिसते म्हणे. महिनाभर हळद-तेल तिनंच लावलं होतं. मला तर सगळं धुकं दिसलं.

बाकीच्या धुतल्या. आबांची ट्रंकेत आहे.

ताई, रागावू नकोस, पण गठ्ठ्यात तीसुद्धा टाकायची म्हणजे काय? आपल्याकडे आबांचं दुसरं काय आहे? आई विचारते, आबांची फिल्म काढली त्या दिवशी दवाखान्यात झालं तरी काय? तुला दुखवायला विचारत नाही. तिला माहीत नाही म्हणून विचारते.

उत्तर मोठं लिही. शाईचे पैसे मी देते.
चांगुणा

*

दौंड,
दि. ६ एप्रिल १९७५

चि. चांगूस अ. उ. आ. वि. वि.

आईला सांग, त्या दिवशी विशेष काही झालं नाही.

फिल्म मीच काढली आणि मीच धुतली. धुण्याची खोली अंधारी असते, पण लाल दिव्याखाली ओली फिल्म वाचता येते. त्यामुळे डॉक्टरांच्या आधी मी पाहिली. दोन्ही फुप्फुसं खालपासून वरपर्यंत दगडाच्या धुळीनं भरलेली होती. खाणीवर काम केलेल्यांच्या अशा फिल्म मी पूर्वी पाहिल्या आहेत. त्यांचं पुढं काय होतं ते मला माहीत होतं. बरगडी मलाही दिसली.

आबा बाहेर बाकावर पटका मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, फोटो नीट आला का? मी म्हटलं, नीट आला. फिल्म खरोखरच चांगली आली होती. ते हलले नव्हते, सांगितल्याप्रमाणे श्वास धरला होता. मग त्यांनी मला समोरच्या टपरीवर चहा पाजला आणि ते एस.टी.ला गेले. आमचं दुसरं बोलणं झालं नाही.

गावात आले की बायका म्हणतात, तू तर दवाखान्यातच होतीस. यावर काय बोलावं मला कळत नाही. म्हणून येत नाही. रजा मिळण्यासारखी आहे.

डब्या किती झाल्या ते कळवावं.
मुक्ता

*

वडगाव रासाई,
दि. २० एप्रिल १९७५

ती. ताईस शि. सा. जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं तेव्हा आई बडीशेप निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं, ऐकलंच नाही. सूप खाली ठेवल्यावर म्हणाली की त्या दिवशी घरी आल्या आल्या आबांनी तिला सगळं सांगितलं होतं. त्यांचं बोलणं तिनं जसं सांगितलं तसं लिहिते:

“पोरीच्या तोंडावरनंच कळलं मला. पर ती बोलंना. म्हनून म्या इचारलं, तिला कायतरी बोलाया तरी गावावं.”

चहासुद्धा त्यांना नको होता म्हणे. तू सकाळपासून उपाशी दिसलीस म्हणून पाजला. आणि दुसऱ्या दिवशी पारावर जो भेटेल त्याला सांगत बसले, माझ्या छातीचा फोटो माझ्या मुक्तानं काढला. हे तुला ठाऊक नव्हतं हे आईला ठाऊक नव्हतं.

फिल्म मांडवात लावायची नाही असं ती म्हणते. लोकांनी त्यांच्या छातीत कशाला बघायचं? बाबासाहेबांच्या फोटोशेजारची जागा मोकळीच ठेवू. आबांच्या पटक्याची तिनं पिशवी शिवली आहे, आत मऊ अस्तर लावून. फिल्म त्यात घालून मामांबरोबर पाठवते. ती तुझी.

आता माझी रड. झाकणं मी तळाएवढीच कापली. एकही बसत नाही. दोन मिलिमीटरचं वाचलं होतं, पण मला वाटलं, तुला उगाच मोजायची सवय. सोजराबाईंना काय तोंड दाखवू?

वाट पाहते.
चांगू

*

दौंड,
दि. ४ मे १९७५

चि. चांगूस अ. उ. आ. जयभीम. वि. वि.

पिशवी मिळाली. टाके बारीक आहेत. आईला चष्मा लागला आहे, तिनं एवढं बारीक शिवायला नको होतं. फिल्म मी अजून बाहेर काढलेली नाही. पिशवी उशाशी आहे.

झाकणं फेकू नकोस. त्यांचे तळ करू. नवी झाकणं कापायला फिल्म बरोबर आणते. तू फक्त भोकं पाड, कात्रीला हात लावू नकोस. लाल लोकर संपली असेल तर पिवळी चालेल.

बुधवारी दुपारच्या शिरूर गाडीनं न्हावऱ्याला उतरते. मामांना पाठवू नका, पुढची वाट मला माहीत आहे. लग्नानंतर दोन दिवस राहीन.

साखरआत्यांना बसायला खुर्ची द्या. तुझ्या शेजारी मी उभी राहते. बायकांनी विचारलं तर सांगेन, आबांचा फोटो मी काढला होता आणि तो नीट आला होता.

आईला माझा नमस्कार. भेटीअंती बोलू.
तुझी ताई,
मुक्ता