बॉनेटवरचा बोटभर ओरखडा

अमरावती, गुरुवार संध्याकाळ

उद्या मोटार घेऊन अकोल्याला, व्याह्यांकडे. बॉनेटवरचा बोटभर ओरखडा सकाळपासून डोळ्यांत खुपत होता. राजापेठेतल्या मिस्त्रीने ओरखडे घासून काढायच्या रबिंगचे दोन डबे पुढे ठेवले, एक जाड, एक बारीक. "वकीलसाहेब, बारीकच न्या. जाड्यानं रंगई निघून जाईन." मी जाडच आणले. का? तो नको म्हणाला म्हणूनच बहुधा. स्वतःच घासत बसलो. ओरखडा गेला, आणि त्याच्यासोबत रंगही. रुपयाएवढा पत्रा उघडा पडला! बोटभर ओरखड्यापायी!

हिने पाहिले. कुंकू कालवून आणले आणि नेमके त्या पत्र्यावर ठसठशीत स्वस्तिक काढले. "कोणी विचारलं तर पूजा केली म्हणा."

उद्या व्याही त्याला हात जोडतील. मलाही जोडावे लागतील.