गाडीचं नाक

बाबा,

गॅरेजमध्ये बंपरचे तुकडे पडलेत, ते बघून ओरडू नका. पिकअपचं नाक मी कापलंय, तुमचं नाही. पुढचे दोन्ही कोपरे ग्राइंडरने तिरके कापले, त्यामुळे आता चढाला आधी चाक टेकतं, बंपर नाही. इंजिनाखाली तुम्ही लावलेला पत्रा लोंबत होता. तो काढून जाड प्लेट चेसिसला घट्ट वर बसवली. तिला ऑइल काढायला भोकही ठेवलंय. तुम्ही ते विसरला होतात आणि दर वेळी अख्खा पत्रा उतरवत बसायचात.

काल मावशीच्या घराच्या दगडी चढावर नेली. खालून खरडल्याचा आवाज आला, पण गाडी अडली नाही, थेट दारात जाऊन उभी राहिली. आईने वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "भोक यांना सुचलं नसणार." आणि चक्क हसली.

ती मावशीकडे गेल्यापासून तुम्ही एकच पालुपद लावलंय, गाडी तो चढ चढत नाही. आता चढते. मी बसने कामावर जातेय, चावी खिळ्याला आहे. जाताना दाढी करून जा.

तुमची कार्टी