डावखुरा यंत्रमानव

७ एप्रिल १९९६, रविवार. लोणंद, सासरवाडी.
जत्रेच्या तंबूत ‘महायंत्र’ भाग दोन पाहिला. हिंदीत. पुढे तोबा गर्दी, म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला निवांत मांडी घातली. पडदा काय, दोन्हीकडून दिसतो. शिवाय मागे वारा. राजेश्वरी पुढे, बायकांत बसली होती.
जबरदस्त शोध लागला. भाग एकमध्ये यंत्रमानव उजव्या हाताने मारतो. भाग दोनमध्ये डाव्या! डावी बाजू म्हणजे हृदय. यंत्राला हृदय आलं! शिवाय शेवटी कुठल्याशा गूढ लिपीत एक शब्द येतो. सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतला.

८ एप्रिल, सकाळ.
राजेश्वरी म्हणाली, आवं, त्यो उजव्याच हातानं मारत हुता. न्याहारीला सासरे, मेव्हणे, सगळे बसलेले. मी म्हटलं, आधी तुझा जेवायचा हात कुठला ते सांग. सगळे खो खो हसले. ती उठून चुलीपाशी गेली. बायकोला वेळच्या वेळी जागा दाखवलेली बरी.

१२ एप्रिल. विश्रामबाग, घरी.
साप्ताहिकाचे संपादक नानासो यांनी वादसभा जाहीर केली. ‘महायंत्र’चा भाग पहिला सरस की दुसरा? जिंकेल त्याला सिनेमाचं पान, तेही पगारी. म्हणजे माझंच. पहिल्याच्या बाजूने राजरत्न बोलणार. वर्कशॉपमध्ये फिटर आहे. पाना फिरवणाऱ्याला कलेतलं काय कळणार!
चौकात भेटला. म्हणाला, दुसऱ्यात गोष्ट पातळ हाय, मारामारी लय. तुमी कुठं बघितला? पुण्यात, बाल्कनीत, असं ठोकून दिलं. तंबू सांगून लेव्हल कशाला घालवा?

१५ एप्रिल.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून भाषणाची प्रॅक्टिस.

१६ एप्रिल.
आठला उठलो. विचार झोपेतही चालूच असतो.

१९ एप्रिल.
डेअरीतल्या क्लार्कीचा राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाले, सभा तरी होऊ द्या. भित्रा माणूस. राजेश्वरी रडली. समीक्षकाच्या बायकोला हे शोभत नाही, असं सुनावलं. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. ‘चित्रपट समीक्षक’. पाचशे.

२७ एप्रिल.
भाषण तयार. प्रॅक्टिस राहिली, पण उत्स्फूर्त बोललेलं जास्त भिडतं. राजेश्वरीला सभेला यायचं नाही म्हणून बजावलं. मध्येच तोंड घालायची.

२८ एप्रिल, रविवार.
सभा झाली.
राजरत्न आधी बोलला. पहिल्या भागात यंत्रमानव चालतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं, गुडघा खऱ्या यंत्रासारखा अडखळत वाकतो. दुसऱ्यात तो नुसता उडतो, म्हणून भीती वाटत नाही. टाळ्या पडल्या. फिटरला टाळ्या!
मग मी हृदयाचा मुद्दा काढला. हॉल एकदम शांत. ती दाद समजून मी पुढे रेटलं. यंत्रांची गूढ लिपी! पाकिटावरचा शब्द फळ्यावर हुबेहूब काढला.
राजरत्न फळ्याकडे बघत राहिला. मग त्याने सभेला विचारलं, कुणाकडं आरसा हाय का? शेवटच्या रांगेतून एक छोटा आरसा हातोहात पुढे आला. त्याने तो फळ्यासमोर धरला आणि नानासोंना आत बघायला लावलं. नानासोंनी मोठ्याने वाचलं, समाप्त.
राजरत्नने अगदी अदबीनं विचारलं, सायेब, पुण्यात बाल्कनी पडद्याच्या मागं असती व्हय?
हशाने हॉल दणाणला. सगळ्यात मोठं हसणं शेवटच्या रांगेतलं होतं. ते मी ओळखलं. आरसाही ओळखला. लग्नात मीच दिलेला.

२९ एप्रिल.
चूक तंबूवाल्याची. मागे पाटी लावायला नको?
डेअरीत गेलो. राजीनामा मंजूर. माझ्या खुर्चीत नवा माणूस बसलाही. मॅनेजर म्हणाले, मी म्हणत होतो.

४ मे.
राजरत्नचं पान आलं. भाषा सुमार. शेवटची ओळ: वाचकांनी सिनेमा शक्यतो पुढून बघावा. हिला दोनदा वाचताना पाहिलं.
कार्डं छापून आली. पाचशेच्या पाचशे.

५ मे. दुपार.
सासरे आणि दोन्ही मेव्हणे लोणंदहून आलेत. चौकशीला म्हणे. पंगत बसली. राजेश्वरीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे म्हणाली, आवं, जेवायचा हात कंचा, ठावं हाय न्हवं?
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी दोन्ही हातांकडे बघत बसलो.